कॅसलव्हेनिया: १४७६ चं वालाचिया, आणि त्यातून गायब झालेले तुर्क

तिरपा_कौल

(स्पॉयलर आहेत, चारही सीझनचे. बघायची बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.)

नेटफ्लिक्सवरची कॅसलव्हेनिया ही व्हॅम्पायरची ॲनिमेशन मालिका परत एकदा बघून संपवली, घडते ती वालाचियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागात. २०१७ ते २०२१, चार सीझन, एकूण ३२ एपिसोड, म्हणजे मनात आणलं तर दोन वीकेंडचं काम. ॲनिमेशन, मारामाऱ्या, नायक ट्रेव्हर बेलमाँटच्या शिव्या याबद्दल भरपूर लिहून झालंय सगळीकडे, मला बोलायचंय ते त्यातल्या मध्ययुगाबद्दल.

गोष्ट सुरू होते १४५५ मधे, लिसा नावाची बाई विद्या शिकायला ड्रॅक्युलाच्या दारात जाते. दोघांचं लग्न होतं, मग १४७५ ला तर्गोविष्टे गावात चर्चवाले तिला चेटकीण ठरवून जाळतात, ड्रॅक्युला गावाला एक वर्षाची मुदत देतो आणि १४७६ ला नरकातली फौज सोडतो. आता गंमत बघा, १४७६ हे साल खऱ्या व्लाडसाठी पण शेवटचं आहे. व्लाड तिसरा, वालाचियाचा खराखुरा राजा, ज्याच्या नावावर हे सगळं उभं आहे, तो १४६२ पासून हंगेरीच्या राजाच्या कैदेत होता, सुटल्यावर १४७६ च्या नोव्हेंबरमधे त्याने वालाचियाची गादी परत मिळवली आणि त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी किंवा पुढच्या जानेवारीत लढाईत मारला गेला. म्हणजे पडद्यावरचा ड्रॅक्युला माणसं मारत सुटलाय त्याच काळात खरा माणूस हातातून गेलेलं राज्य परत मिळवायला धडपडतोय. आणि ते राज्य नेलं कोणी, तर तुर्कांनी. तुर्कांच्या आशीर्वादाने बसलेल्या त्याच्याच भाऊबंदांनी म्हणा हवं तर. सख्खा भाऊ राडूसुद्धा त्यांच्याच बाजूने लढला होता.

आणि माझा मुद्दा इथेच आहे, मालिकेत तुर्क जवळजवळ नाहीतच!! १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलंय, जानेवारी १४७५ मधे शेजारच्या मोल्डाव्हियाच्या स्टेफानने वासलुईला तुर्कांना झोडपलंय, त्याच उन्हाळ्यात तुर्कांनी काळ्या समुद्रावरचं काफा बंदर घेतलंय आणि १४७६ च्या जुलैत खुद्द सुलतान मेहमद मोल्डाव्हियात उतरलाय. तिथल्या कुठल्याही माणसाला मध्यरात्री उठवून विचारलं असतं की बाबा कशाची भीती वाटते, तर त्याने व्हॅम्पायर नसतं सांगितलं. मालिकेत मात्र खलनायक दोनच, ड्रॅक्युला आणि चर्च. बरं चर्चसुद्धा तिथलं नाही. वालाचिया ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा) मुलूख, दाखवलेत ते बिशप, टोकदार कमानी आणि चेटकिणी जाळण्याची हौस, सगळं पश्चिमेकडून उचलून आणल्यासारखं.

मालिका आवडते म्हणूनच एवढं खाजवून बघतोय हे आधीच सांगून ठेवतो. बोला.

मोडकं_छत्र

कार्टून आहे हो, उडत्या तलवारी चालतात आणि बिशपचा झगा चालत नाही?

तिरपा_कौल

@मोडकं_छत्र उडती तलवार चालते कारण ती उडणारच आहे असं ठरलंय. पण पडद्यावर ठळक अक्षरात गाव आणि साल लिहिलं की मग आम्ही हिशोब मागणार.

सोलकढी_रिटर्न्स

मस्त धागा! मी नोकरीनिमित्त बुखारेस्टला होते तेव्हा तर्गोविष्टेला जाऊन आले आहे, साधारण ८० किमी असेल. जुन्या राजवाड्याचे आता भिंतींचे अवशेष आहेत आणि मधोमध किंदिया नावाचा गोल बुरूज, खाली चौथऱ्यासारखा चौकोनी पाया आणि वर सरळ उभा. व्लाडने बांधला म्हणतात, नंतर डागडुजी बरीच झालीये. वर चढायला आत अरुंद गोल जिना आहे, वर आलं की सगळं गाव पायाशी. आजूबाजूला आभाळाला टोचणारे कळस वगैरे काही नाही. मालिकेत ते भलंमोठं कॅथेड्रल दाखवलंय ना, तसलं काही त्या काळी वालाचियात नव्हतंच. तिथली जुनी देवळं (चर्च म्हणायचंय मला, पण बघताना देवळंच वाटतात) बसकी, घुमटाची, आत भिंतीभर रंगवलेले संत. कोझियाचा मठ बघा, १३८८ चा आहे, किंवा कुर्तेआ दे आर्जेशचं जुनं सेंट निकोलस. आत काळोख, धुपाचा वास आणि मेणबत्त्यांनी काळवंडलेले चेहरे. गॉथिक (टोकदार कमानी, उंच कळस) बघायचं असेल तर डोंगर ओलांडून ट्रान्सिल्व्हेनियात ब्राशोव्हला जावं लागतं, तिथलं ते काळं चर्च, पण ते जर्मन लोकांनी बांधलेलं.

त्यामुळे कौल म्हणतायत ते बरोबर आहे, मालिकेने ट्रान्सिल्व्हेनियाच्या इमारती उचलून वालाचियात ठेवल्यात. तशी दिसायला सुंदर दिसतात हा भाग वेगळा.

आठ_बिट_आबा

थांबा थांबा, मूळ मुद्दा राहतोय. हे मध्ययुग रोमानियाहून आलेलंच नाहीये, ते जपानहून आलंय. कोनामीचा गेम, कॅसलव्हेनिया थ्री, १९८९. १४७६ हे साल त्या गेममधलं. ट्रेव्हर, सायफा, अलुकार्ड ही मुख्य तिकडी तिथलीच (ग्रँट नावाचा चौथा भिडू होता, त्याला मालिकेने घरी बसवला, मला अजून राग आहे). लिसाची गोष्ट १९९७ च्या सिंफनी ऑफ द नाईटमधली, हेक्टर आणि आयझॅक, ड्रॅक्युलासाठी मढ्यांतून राक्षस उठवणारे दोघे, २००५ च्या गेममधले. म्हणजे मालिकेचा लेखक वॉरन एलिसने लिहायला घेतलं तेव्हा सगळा कच्चा माल हा.

आणि त्या जपानी पोरांनी तरी काय बघितलं होतं? जुने हॉरर पिक्चर. पहिल्या १९८६ च्या गेमची शेवटची नामावळी बघा, बोरिस कार्लॉफ, बेला लुगोसी, ख्रिस्तोफर ली यांच्या नावांची मोडतोड करून टाकलीये त्यात. सगळे हॉररवाले नट. त्यामुळे वाडा म्हणजे उंच बुरूज, वटवाघळं, मागे चंद्र, हे त्या पिक्चरांतून आलं, त्या पिक्चरांत १८९७ च्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतून आणि त्या काळच्या इंग्लिश लोकांना मध्ययुग म्हणजे पडक्या गॉथिक वास्तू एवढंच दिसायचं. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेला नव्हता. आता सांगा या साखळीत तुर्क शिरणार कुठून?

आपल्याकडे नव्वदीत त्या चायना गेमच्या कॅसेटमधे काँट्रा आणि मारियोच असायचे, हा गेम मी फार उशिरा इम्युलेटरवर खेळलो. खेळा, फार अवघड आहे, जिन्यावर चढताना तो भोपळ्याएवढा मेडुसाचा मुंडका येऊन धडकतो आणि आपण खाली.

तिरपा_कौल

@आठ_बिट_आबा साखळी मान्य. पण एलिसने त्यात स्वतःहून भर घातलीच आहे ना. लिसा येते तेव्हा वाड्याच्या वाटेवर खांबांवर टोचलेले सांगाडे आहेत, ते थेट खऱ्या व्लाडवरून घेतलंय. १४६२ ला मेहमद तर्गोविष्टेकडे चालून आला तेव्हा सुळावर दिलेल्या माणसांचं अख्खं रान त्याला दिसलं असं चाल्कोकोंडिलिस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहितो, वीस हजार आकडा देतो, आकड्याचं तुम्ही तुमचं बघा. ते सुळावरचे लोक बरेचसे व्लाडने पकडलेले तुर्क. म्हणजे सूळ घेतले आणि त्यावरची माणसं कोण होती ते सोडून दिलं.

कुंपणावरची

मला चेटकीण प्रकरणाबद्दल बोलायचंय. लिसाला जाळणं हा सगळ्या गोष्टीचा पाया आहे आणि तो सीन खरंच अंगावर येतो, ती मरताना पण नवऱ्याला सांगते की यांना माफ कर, यांना कळत नाहीये. पण १४७५? युरोपातल्या चेटकीण-शोधाचा कहर झाला तो साधारण १५६० नंतरच्या शंभरेक वर्षांत. क्रामरचं ते कुप्रसिद्ध पुस्तक, चेटकिणी कशा ओळखाव्या आणि काय करावं याचं, १४८६-८७ चं. म्हणजे लिसाला जाळलं तेव्हा ते छापूनही आलं नव्हतं. आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स भागात हा प्रकार पश्चिमेच्या मानाने फारच कमी होता.

गुहागरचा_भाचा

@कुंपणावरची ताई, अगदीच नव्हतं असं नाही. स्वित्झर्लंडच्या वाले भागात १४२८ पासून मोठे खटले झालेत, बरेच लोक जाळलेत, त्यात पुरुष पण भरपूर. त्यामुळे पंधराव्या शतकात जाळणं शक्य आहे, फक्त तर्गोविष्टेत नाही, चौदाशेक किमी पश्चिमेला.

कुंपणावरची

हो रे, तेच म्हणतेय, काळ थोडा आधी आणलाय आणि जागा बरीच सरकवलीये. पण एक गोष्ट मला पटली त्यांची, लिसावर आरोप काय तर घरात काचेची उपकरणं आणि औषधं सापडली. बाईने वैद्यकी करणं हीच भानगड. इटलीत सालेर्नोला बाराव्या शतकात त्रोता नावाची बाई औषधांवर लिहीत होती आणि नंतर विद्यापीठं आली, पदव्या आल्या, तशा बायका बाहेर. १३२२ ला पॅरिसमधे जकोबा फेलिसी नावाच्या बाईवर खटला झाला कारण ती परवानगीशिवाय रोगी बघायची, आणि रोगी कोर्टात येऊन सांगत होते की हिच्यामुळेच आम्ही बरे झालो. तरी तिला बंदी घातली. तिला जाळलं नाही हं, दंड आणि बहिष्काराची धमकी. मला विचाराल तर लिसाची गोष्ट तिथून जास्त जवळ आहे. फक्त दंडाच्या पावतीवर ड्रॅक्युला एवढा चिडला नसता.

मोडकं_छत्र

दंडाची पावती 😂😂 यावर वेगळी सिरीज काढा

रात्रपाळी

मला कुणीतरी एक समजावून सांगा, पहिल्या सीझनच्या शेवटी तो निळ्या डोळ्यांचा राक्षस चर्चमधे घुसतो, बिशपला सांगतो की इथे देव नाहीच, तुझ्या कृत्यांनी तो निघून गेलाय, म्हणून आम्ही आत येऊ शकलो, आणि त्याला खाऊन टाकतो. ठीक. मग दुसऱ्या सीझनला त्याच बिशपचं मढं हेक्टर उठवतो आणि ते मढं अख्ख्या नदीला आशीर्वाद देतं आणि सगळं पाणी पवित्र होऊन व्हॅम्पायर भाजतात. अरे मग देव होता की नव्हता?? जिवंतपणी चालेना आणि मेल्यावर चालतंय?

गुहागरचा_भाचा

@रात्रपाळी हा प्रश्न मालिकेतला सगळ्यात मध्ययुगीन भाग आहे आणि मला वाटतं लिहिणाऱ्याला ते माहीत होतं. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट म्हणून पंथ होता, रोमन छळाच्या वेळी जे पाद्री घाबरून शरण गेले त्यांच्या हातचा बाप्तिस्मा आणि बाकी विधी आम्ही मानत नाही असं त्यांचं म्हणणं. पाद्री पापी तर विधी बाद. त्याच्या विरुद्ध संत ऑगस्टिन उभा राहिला, त्याचं म्हणणं असं की विधी पाद्रीचा नसतोच, देवाचा असतो, हात कुणाचा आहे याने फरक पडत नाही. चर्चने ऑगस्टिनची बाजू घेतली आणि पुढे मध्ययुगभर तोच नियम. एकदा दीक्षा मिळाली की ती पुसली जात नाही, माणूस कितीही नालायक निघाला तरी.

आता या चष्म्यातून बघ. चर्चची इमारत रिकामी आहे कारण तिथे काय कृत्यं झाली ते सगळ्यांना माहीत आहे, पण बिशपची दीक्षा कायम आहे, म्हणून पाणी पवित्र होतं. ट्रेव्हर पण ग्रेसिट गावच्या लढाईआधी पवित्र पाणी करून घ्यायला पाद्र्याला गाठतो तेव्हा तुला रीतसर दीक्षा मिळालीये का एवढंच विचारतो, तू चांगला माणूस आहेस का हे विचारतच नाही. मढ्याला दीक्षा लागू राहते का यावर मात्र ऑगस्टिनने काही लिहून ठेवलं असेल असं वाटत नाही.

रात्रपाळी

बापरे. मी आपलं प्लॉटहोल म्हणून सोडून दिलं होतं.

तिरपा_कौल

@गुहागरचा_भाचा जबरी. पण बघा हं, हे पण परत लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या चर्चचंच. ऑगस्टिन, दीक्षेचा कायमचा शिक्का. माझा मुद्दा पक्काच होतोय.

गुहागरचा_भाचा

तुमचा मुद्दा काहीही केलं तरी पक्काच होतो कौलसाहेब 🙏

मावळतीची_गाडी

ग्रेसिटचा विषय निघालाच आहे तर, ती लढाई आठवा. ट्रेव्हर गावकऱ्यांना रांगेत उभं करतो, लांब भाले पुढे, तलवारी मागे. कुणाला हे किरकोळ वाटेल पण १४७६ सालाला हे इतकं फिट आहे! मार्च १४७६ ला ग्रँडसन आणि जूनमधे मुर्टेन, दोन्हीकडे स्विस शेतकरी आणि गाववाल्यांच्या भालाईत पलटणींनी बर्गंडीच्या चार्ल्सला धूळ चारली, तो तेव्हा युरोपातला सगळ्यात श्रीमंत सरदारांपैकी एक, घोडदळ तोफा सगळं होतं. भाल्यांचं रान करून एकमेकांना चिकटून उभं राहायचं, रांग मोडायची नाही एवढंच. ते करायला कवायत लागते हे खरं, ग्रेसिटवाल्यांना अर्ध्या रात्रीत जमलं ते कौतुकच.

आणि ट्रेव्हरच्या चाबकाबद्दल बोलू नका, चाबकाने राक्षस फुटतो हे मी गेमसाठी माफ केलंय.

सोलकढी_रिटर्न्स

स्पीकर लोकांबद्दल कुणी बोललंच नाही. निळे झगे, गावोगाव फिरणारे, लिहून ठेवत नाहीत, सगळं तोंडपाठ. ग्रेसिटमधे बिशप सांगतो की हे संकट यांच्यामुळे आलं आणि सगळं गाव त्यांना मारायला निघतं. तुम्ही तुर्क शोधताय तर मला वाटतं हा भाग मालिकेने सगळ्यात खरा पकडलाय. १३४८-४९ च्या प्लेगात ज्यूंनी विहिरीत विष घातलं अशी अफवा उठली आणि गावंच्या गावं पेटली, स्ट्रासबर्गला फेब्रुवारी १३४९ मधे शेकडो ज्यू जाळले, तेव्हा तर प्लेग गावात पोचलाही नव्हता. पोप क्लेमेंट सहावा सांगत होता की ज्यू पण प्लेगने मरतायत मग ते कसे करतील, पण ऐकतो कोण.

आणि वालाचियात भटके म्हणजे रोमा (जिप्सी). त्यांची तिथली पहिली लेखी नोंदच १३८५ ची आहे आणि ती कसली, तर एका मठाला रोमा कुटुंबं दान दिली त्याची. गुलाम म्हणून. ही गुलामी १८५० च्या दशकात संपली. बुखारेस्टला माझ्या ऑफिसातले शिकलेले लोकसुद्धा रोमांबद्दल काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिरपा_कौल

@सोलकढी_रिटर्न्स हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खरं तर स्पीकर रोमा असते आणि मठाचे गुलाम असते तर बिशपवाला राग आणखी धारदार झाला असता. आणि त्यासाठी पश्चिमेकडून काही उसनं आणावं पण लागलं नसतं.

पावशेर_भजी

धागा वाचून मजा येतेय. एक प्रश्न, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, ड्रॅगन, वाडे वगैरे फार आवडतं, दाखवू का?

कुंपणावरची

नका! पहिल्याच एपिसोडला आतडी बाहेर येतात. शिव्या वेगळ्याच. १८+ आहे ती.

मोडकं_छत्र

पहिला एपिसोड तुम्ही एकट्याने बघा भजीराव, जेवणाआधी नको.

खारे_दाणे

थोडं विषयांतर, पण नाही म्हटलं तर विषयाला धरूनच. याच काळात एक ऑर्थोडॉक्स माणूस आपल्याकडे फिरत होता. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला, मग बीदरला गेला, बहामनी राज्य तेव्हा महमूद गवानच्या हातात. परत जाताना काफामार्गे गेला (तेच काफा जे १४७५ ला तुर्कांनी घेतलं) आणि घरी पोचायच्या आत स्मोलेन्स्कजवळ वारला.

त्याचं प्रवासवर्णन वाचाच. वाटेत लुटालूट झाली त्यात त्याची धर्माची पुस्तकं गेली, त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी सुरू करायचा हेच त्याला कळेना, सारखा तोच घोर. शेवटी मुसलमानांच्या रोज्यांबरोबर स्वतःचे उपास धरतो. मधेच रशियन सोडून तुर्की-फारसी मिसळून देवाची प्रार्थना लिहितो. हा खरा १४७० च्या दशकातला ऑर्थोडॉक्स माणूस, त्याच्या डोक्यात सैतान आणि चेटकिणी नाहीत, पंचांग चुकेल ही भीती आहे. मालिकेत असा एक जरी माणूस असता ना!

तिरपा_कौल

@खारे_दाणे कमाल! जुन्नरला चढून जायची अरुंद वाट त्यानेच लिहिलीये ना? अवांतर अजिबात नाही. तुर्की मिसळून बोलणारा ख्रिस्ती माणूस हेच तर मी म्हणतोय, त्या भागात हे सगळं एकमेकांत मिसळलेलं होतं. खरा व्लाड सुद्धा पोरवयात सुलतानाकडे ओलीस होता, तुर्की येत असणारच.

आठ_बिट_आबा

आयझॅक विसरू नका पण. गेममधे तो लाल केसांचा येडा होता, मालिकेने त्याला काळा, सूफी वाटेचा माणूस केलं आणि तिसऱ्या-चौथ्या सीझनला त्याच्याइतकं शहाणं दुसरं कुणी बोलत नाही. इस्लाम आलाच की मालिकेत, फक्त सुलतानाच्या फौजेबरोबर नाही, एकटा माणूस म्हणून आला. मला तर ते जास्त आवडलं. तुर्कांची फौज दाखवली असती तर अजून एक झुंड वाढली असती बस.

तिरपा_कौल

@आठ_बिट_आबा आयझॅकबद्दल शंभर टक्के. त्या बोटीच्या कप्तानाबरोबरच्या गप्पा मी तीनदा बघितल्या.

मावळतीची_गाडी

तिसऱ्या सीझनचं श्टायरियाचं (आजच्या ऑस्ट्रियातला प्रांत) बघा, व्हॅम्पायर राणी कार्मिला आणि तिच्या तीन जणी. कार्मिला मूळ १८७२ च्या ल फानूच्या गोष्टीतली, ती पण श्टायरियातच घडते, म्हणून तो प्रांत. पण या बाया नकाशा पसरून बसतात आणि ठरवतात की एवढा पट्टा ताब्यात घेऊ, माणसं गुरांसारखी पाळू, कुंपणाला सैन्य किती लागेल, हा हिशोब करतात. खऱ्या श्टायरियात त्याच वर्षांत काय चाललं होतं माहितीये का, तुर्कांचे घोडेस्वार येऊन माणसं धरून नेत होते. ग्राझच्या कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर १४८५ चं चित्र आहे, १४८० साली एकदम आलेल्या तीन संकटांचं: टोळधाड, तुर्क आणि प्लेग. बरंच पुसट झालंय, आता काचेमागे आहे. वर देव आणि संत, खाली शहर, आणि खालच्या पट्टीत शेतावर उतरलेले टोळ, जळणारी गावं, मेलेली माणसं.

म्हणजे कौलसाहेब, तुमचे तुर्क आहेत मालिकेत. लांब सुळ्यांच्या चार बाया होऊन आल्यात.

तिरपा_कौल

@मावळतीची_गाडी हे मात्र मला सुचलं नव्हतं. पण गंडवताय तुम्ही, एलिसने ते चित्र बघून लिहिलं असेल असं मला नाही वाटत.

मावळतीची_गाडी

बघितलं असेल असं मी कुठे म्हटलं. बसतंय एवढंच म्हटलं.

रात्रपाळी

खऱ्या व्लाडला पुरलं कुठे मग? मालिकेत तर शेवटी तो परत जिवंत होऊन लिसाबरोबर हॉटेलात दिसतो.

सोलकढी_रिटर्न्स

@रात्रपाळी स्नागोव्ह म्हणतात, बुखारेस्टच्या वर तळ्यातल्या बेटावर छोटा मठ आहे. १९३३ ला तिथे खोदलं तर वेदीपुढच्या त्या प्रसिद्ध दगडाखाली जनावरांची हाडं निघाली. तरी तिथे त्याचा फोटो लावून मेणबत्ती ठेवतात. दुसरं नाव कोमानाचं घेतात, तो मठ त्याने स्वतःच बांधवला होता. मी गेले तेव्हा स्नागोव्हला तिकीट घेऊन आत गेले, आतला माणूस बाहेरच्यांना ड्रॅक्युला म्हणू नका, व्होइवोद (राजा) व्लाड म्हणा असं बजावत होता. मालिका बघितलीये का विचारायचं धाडस झालं नाही.

आठ_बिट_आबा

बरं, नॉक्टर्नवर, म्हणजे याच्या पुढच्या मालिकेवर बोलायचं का? ते फ्रेंच राज्यक्रांतीत आहे, १७९२, म्हणजे इथे नाही बसत. कुणीतरी नवीन धागा काढा.